प्रवासातला जेवणाचा खर्च: भूक लागण्याआधी घ्यायचे निर्णय

प्रवासाला निघताना तिकिटाचे आणि मुक्कामाचे पैसे आपण आधीच भरतो, त्यामुळे त्यांचा आकडा ठरलेला असतो. जेवणाचा खर्च मात्र दिवसातून चार-पाच वेळा, थोडाथोडा आणि बहुतेक वेळा दमलेल्या अवस्थेत होतो. पहिल्या लांबच्या प्रवासात मी बारा दिवस प्रत्येक खाण्यापिण्याची नोंद एका वहीत केली होती आणि नोंदीपुढे वेळही लिहिली होती. घरी आल्यावर ती वही समोर ठेवून बेरीज केली, तेव्हा ठरवून घेतलेली जेवणे मुळीच महाग पडली नव्हती असे दिसले. जवळजवळ निम्मे पैसे दुपारी तीन ते पाच आणि रात्री नऊनंतर गेले होते. स्थानकावरचे गार सँडविच, प्रेक्षणीय स्थळाच्या दारात घेतलेले पेय, आणि बाहेर पडण्याचे त्राण नव्हते म्हणून मुक्कामाच्या इमारतीतच घेतलेले जेवण, अशा त्या नोंदी होत्या. यांपैकी एकही पदार्थ मी आवडीने निवडलेला नव्हता.

तेव्हापासून मी एक नियम पाळते: भूक लागण्याआधी पुढचे खाणे कुठून येणार हे ठरलेले असले पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमातून आल्या आहेत. पोटाला चिमटा काढून पैसे वाचवण्याचा सल्ला यात कुठेही नाही, कारण उपाशी माणूस संध्याकाळी दुप्पट खर्च करतो आणि आजारी पडला तर त्याहून अधिक.

१. निघण्यापूर्वी खर्चाची मर्यादा आठवड्याची ठरवा

रोजची मर्यादा ठरवली तर ती दुसऱ्याच दिवशी मोडते आणि एकदा मोडली की माणूस हिशेब ठेवणेच सोडून देतो. त्यापेक्षा संपूर्ण आठवड्याची रक्कम ठरवा आणि तिचे तीन भाग करा. पहिला भाग स्वतः शिजवण्याच्या किंवा बाजारातून आणून खाण्याच्या जेवणांसाठी, दुसरा बाहेर बसून जेवण्यासाठी आणि तिसरा वरखर्चासाठी, म्हणजे चहा, कॉफी, पाणी आणि अवेळी लागलेली भूक यांसाठी. नवखे प्रवासी तिसरा भाग धरतच नाहीत आणि सगळा हिशेब तिथेच कोलमडतो.

जिथे जाणार आहात तिथल्या दोन-तीन साध्या उपाहारगृहांची मेनू कार्डे आणि एखाद्या किराणा दुकानाचे दर निघण्यापूर्वी पाहून ठेवा. एका साध्या जेवणाच्या पैशांत किती दिवसांचा शिधा येतो, हे प्रमाण एकदा कळले की स्वयंपाक करायचा की बाहेर जेवायचे हे ठरवणे सोपे जाते. काही ठिकाणी साधे तयार जेवण इतके स्वस्त असते की शिजवण्याचा खटाटोप परवडत नाही. अशा ठिकाणी पुढची स्वयंपाकाची पायरी खुशाल वगळा.

२. सोबत काय घ्यावे

वस्तू: झाकण घट्ट बसणारे दोन डबे, एक चमचा आणि एक काटा, रिकामी पाण्याची बाटली, रुंद तोंडाचा छोटा थर्मास, कापडी पिशवी, मीठ-मसाल्याच्या दोन-तीन छोट्या डब्या, पाकिटे बंद करण्यासाठी रबर किंवा चिमटे, आणि एक लहान टॉवेल. छोटा चाकू न्यायचा असेल तर विमानप्रवासात तो फक्त चेक-इन सामानात ठेवावा. हातातल्या सामानातला चाकू सुरक्षा तपासणीत काढून घेतला जाण्याची शक्यता मोठी आहे.

कागदपत्रे: विद्यार्थी किंवा ज्येष्ठ नागरिक असल्यास ओळखपत्र, कारण काही उपाहारगृहांत आणि संस्थांच्या कँटीनमध्ये सवलत मिळते, मुक्कामाच्या आरक्षणाची प्रत, ज्यात न्याहारी समाविष्ट आहे की नाही हे स्पष्ट लिहिलेले असेल, आणि तुम्ही काय खात नाही हे तिथल्या भाषेत लिहिलेली छोटी चिठ्ठी. ही चिठ्ठी लिहिताना "मी शाकाहारी आहे" एवढ्यावर थांबू नका, कारण त्या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. मांस, मासे, अंडी, मांसाचा रस्सा यांपैकी काय चालत नाही ते एकेक करून लिहा. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर ती वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरांत लिहावी. ताट समोर आल्यावर ते खाता येत नाही असे कळले, तर त्याचे पैसे बहुधा द्यावेच लागतात.

विजेच्या उपकरणांबद्दल एक इशारा. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. जगात काही ठिकाणी घरगुती वीज १०० ते १२७ व्होल्टची असते, तर बऱ्याच ठिकाणी ती २२० ते २४० व्होल्टची असते. २३० व्होल्टची किटली ११० व्होल्टवर लावली तर तिची शक्ती सुमारे पावपट उरते आणि पाणी तापायला चौपट वेळ लागतो. याच्या उलट ११० व्होल्टचे उपकरण २३० व्होल्टवर लावले तर ते जळते आणि आगीचा धोकाही असतो. उपकरणावर "१००–२४०" असे छापलेले असेल तरच ते निर्धास्तपणे न्या. पाण्यात बुडवायची उघडी हीटर कॉइल तर नेऊच नका. अनेक हॉटेलांत तिला मनाई असते आणि ती नसली तरी ती वस्तू खोलीत वापरण्याजोगी नाही.

३. मुक्कामाची जागा निवडताना स्वयंपाकघराची चौकशी करा

जेवणाचा सर्वांत मोठा निर्णय मुक्काम आरक्षित करतानाच होऊन जातो, म्हणून या पायरीला सर्वाधिक वेळ द्या. हॉस्टेल किंवा भाड्याच्या खोलीच्या माहितीत "स्वयंपाकघर उपलब्ध" एवढेच लिहिलेले असते आणि त्या दोन शब्दांत बरेच काही झाकलेले राहते.

एका हॉस्टेलमध्ये मी पाच रात्री राहिले होते. छायाचित्रात स्वच्छ ओटा आणि मोठी शेगडी दिसत होती, म्हणून पोहोचल्याबरोबर मी पाच दिवसांचा शिधा भरला. प्रत्यक्षात त्या शेगडीच्या चार तव्यांपैकी दोनच तापत होते, चाळीस माणसांत मिळून एक पातेले होते आणि त्याची मूठ निखळलेली होती. दारावर चिकटवलेल्या कागदावर स्वयंपाकघराची वेळ सायंकाळी सहा ते साडेआठ अशी लिहिली होती. त्या वेळात ओट्यापाशी रांग लागत असे. पहिल्या रात्री मी पावणेनऊला शिधा तसाच बांधून ठेवला आणि बाहेर जाऊन जेवले. त्या पाच दिवसांत घेतलेल्या शिध्यापैकी अर्धा वाया गेला.

आता मी आरक्षणापूर्वी नेमके प्रश्न लिहून विचारते. स्वयंपाकघर किती वाजता उघडते आणि बंद होते? भांडी, ताटे आणि सुरी पुरवली जाते का? फ्रीजमध्ये प्रत्येकाला जागा मिळते का? शेगडी वापरण्याचे वेगळे पैसे आहेत का? उत्तर लेखी घ्यावे आणि जपून ठेवावे. राहून गेलेल्या लोकांचे अभिप्राय वाचताना "स्वयंपाक", "फ्रीज", "भांडी" हे शब्द शोधले तर खरी परिस्थिती पाच मिनिटांत कळते.

स्वयंपाकघर मिळत नसेल तर निदान फ्रीज आणि गरम पाण्याची सोय पाहा. फ्रीज असला की न्याहारी आणि एक हलके जेवण खोलीत होऊ शकते. परंतु हॉटेलच्या खोलीतला छोटा फ्रीज पेये गार ठेवण्यापुरताच असतो आणि तो ५ अंशांच्या खाली जाईलच असे नाही. शिजवलेले अन्न किंवा मांस त्यात रात्रभर ठेवू नये. काही हॉटेलांत त्या फ्रीजमधल्या विक्रीच्या वस्तू नुसत्या उचलल्या तरी आपोआप बिलात लागतात, तेव्हा तुमच्या वस्तूंसाठी जागा करण्यापूर्वी स्वागतकक्षात विचारा.

न्याहारीसह आणि न्याहारीविना असे दोन दर असतील तर दोहोंतला फरक माणसांच्या संख्येने आणि रात्रींच्या संख्येने भागा. येणारा आकडा म्हणजे एका न्याहारीची खरी किंमत. तुम्ही सकाळी फक्त चहा आणि एखादे फळ घेत असाल, किंवा तीन दिवस पहाटेच्या गाड्या असतील, तर समाविष्ट न्याहारी फायद्याची ठरत नाही. याउलट सकाळी पोटभर खाण्याची सवय असेल तर ती उशिरा घ्यावी, म्हणजे दुपारचे जेवण हलके घेऊन भागते. बुफेतले पदार्थ डब्यात भरून नेणे मात्र बहुतेक ठिकाणी चालत नाही. पहाटे निघायचे असेल तर आदल्या दिवशी बांधून देण्याची विनंती करा, ती अनेकदा मान्य होते.

४. पहिल्या चोवीस तासांची शिदोरी

नव्या ठिकाणी पोहोचल्यावरचा पहिला दिवस सर्वांत महाग असतो. दुकाने कुठे आहेत ते ठाऊक नसते, हातात स्थानिक पैसे नसतात, अंगात त्राण नसते आणि पोहोचायला रात्र झालेली असते. जुन्या काळी लोक तहानलाडू-भूकलाडू घेतल्याशिवाय घर सोडत नसत, त्यात मोठे शहाणपण होते. पोहोचल्यावरचे रात्रीचे एक जेवण आणि दुसऱ्या दिवशीची न्याहारी एवढे खाणे सोबत असेल असे पाहा. कोरडे, चुरा न होणारे आणि फ्रीजविना दोन दिवस टिकणारे पदार्थ निवडावेत: दाणे, सुकामेवा, भाजलेली कडधान्ये, बिस्किटे, गरम पाण्यात भिजणारे ओट्स किंवा नूडल्स. ओलसर पदार्थ पहिल्या काही तासांतच संपवावेत.

विमानाने जात असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. २००६ पासून बहुतेक देशांत हातातल्या सामानातील द्रवपदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा आहे, आणि जॅम, दही, लोणचे, शेंगदाण्याचे लोणी असे पसरणारे पदार्थही तपासणीत द्रवच मानले जातात. काही विमानतळांनी नवी यंत्रे बसवून ही मर्यादा सैल केली असली तरी परतीच्या विमानतळावर ती असू शकते. दुसरी गोष्ट सीमाशुल्काची. ताजी फळे, बिया, मांस आणि दुधाचे पदार्थ अनेक देशांत आणू देत नाहीत. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानात आणण्यास बंदी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याच्या वस्तू प्रवेशाच्या अर्जावर जाहीर कराव्या लागतात, आणि लपवल्यास जागेवर दंड होतो. शंका असली तरी जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूचा दंड मात्र साऱ्या प्रवासातल्या जेवणाच्या बचतीहून मोठा असू शकतो.

५. बाजारात पाकिटावरची नव्हे, वजनाची किंमत पाहा

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम किराणा दुकान शोधण्याचे करा. पर्यटकांची वर्दळ असलेला चौक आणि मोठे स्थानक सोडून लोक राहतात त्या वस्तीकडे चालत गेलात की दर उतरू लागतात. शाळा, दवाखाना किंवा कचेऱ्या असलेल्या भागातले दुकान रोजच्या गिऱ्हाइकावर चालते, म्हणून तिथे वाजवी भाव मिळण्याची शक्यता अधिक असते.

शेल्फवरच्या दरपट्टीवर बहुधा मोठ्या अक्षरांत पाकिटाची आणि बारीक अक्षरांत प्रति किलो किंवा प्रति १०० ग्रॅम किंमत छापलेली असते. तुलना त्या बारीक अक्षरांची करावी. परंतु प्रवाशाने इथे आणखी एक हिशेब करायला हवा. समजा २०० ग्रॅमचे लहान पाकीट आणि ५०० ग्रॅमचे मोठे पाकीट आहे आणि मोठे पाकीट लहानाच्या दीडपट किमतीला मिळते. वजनाच्या हिशेबाने मोठे पाकीट ४० टक्के स्वस्त आहे. मात्र तुमच्या मुक्कामात १५० ग्रॅमच लागणार असेल तर तुम्ही विनाकारण दीडपट पैसे देता आणि उरलेले टाकून जाता. प्रवासात स्वस्त वस्तू तीच, जी संपवून निघता येते. तेल, साखर, मीठ अशा वस्तूंसाठी आधी हॉस्टेलच्या सामायिक फळीवर पाहावे, कारण आधीचे प्रवासी त्या तिथेच ठेवून जातात.

तांदूळ माणशी एका वेळेला कोरडा ७५ ते ८० ग्रॅम लागतो, म्हणजे दोघांच्या तीन वेळच्या भाताला सुमारे अर्धा किलो पुरतो. डाळ माणशी ५० ते ६० ग्रॅम धरा. एवढे दोन आकडे पाठ असले की खरेदी अंदाजाने होत नाही.

दुकान बंद होण्याच्या सुमारास पाव, कापलेली फळे आणि तयार जेवणे उतरत्या दराने विकली जातात. ती घेताना तारखेचे शब्द नीट वाचा. "या तारखेपर्यंत वापरा" ही सुरक्षिततेची तारीख असते आणि ती उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. "या तारखेपूर्वी उत्तम" ही चवीची आणि पोताची तारीख असते, तिच्यानंतरही नीट ठेवलेला कोरडा पदार्थ बहुधा खाण्याजोगा असतो. नवख्यांचा घोटाळा या दोहोंतच होतो. काही दुकानांत दरपट्टीवर दोन किमती असतात आणि कमी किंमत फक्त सदस्यांना लागू असते. सदस्यत्व मोफत मिळते का, ते पैसे देण्याच्या खिडकीपाशी जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

६. थोडे शिजवा, पण सुरक्षित शिजवा

प्रवासातला स्वयंपाक एका भांड्यात, अर्ध्या तासाच्या आत व्हावा, नाहीतर तो दुसऱ्याच दिवशी बंद पडतो. भाजी घालून शिजवलेला भात, डाळ, अंडी, नूडल्स, सूप यांपलीकडे जाण्याची गरज नाही. माझा अनुभव असा आहे की दिवसातले एकच जेवण शिजवण्याचा नेम ठेवला तर तो शेवटपर्यंत टिकतो, आणि तिन्ही वेळा शिजवण्याचा निश्चय तिसऱ्या दिवशी गळून पडतो.

स्वयंपाकघर नसेल तर थर्मास उपयोगी पडतो. त्यात आधी उकळते पाणी घालून तो पाच मिनिटे तापवून घ्या, ते पाणी ओतून द्या, मग ओट्स किंवा बारीक नूडल्स घालून वरून ताजे उकळते पाणी ओता आणि झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांत खाणे तयार होते आणि ते लगेच संपवायचे असते. हॉटेलच्या किटलीत मात्र पाण्याखेरीज काहीही उकळू नये. तिच्या तळाला पदार्थ लागतो, किटली बिघडली तर भरपाई मागितली जाते, आणि तुमच्यानंतर ती दुसऱ्या कुणाला चहासाठी वापरायची असते.

डोंगराळ प्रदेशात जाणाऱ्यांनी शिधा वेगळा निवडावा. उंची वाढते तसे पाणी कमी तापमानाला उकळते. समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणारे पाणी ३००० मीटरवर सुमारे ९० अंशांनाच उकळते, त्यामुळे अख्खी कडधान्ये तासन्‌तास शिजत ठेवली तरी कच्ची राहतात आणि इंधनाचे पैसे वाया जातात. अशा ठिकाणी पातळ डाळी, नूडल्स आणि आधीच शिजवून डबाबंद केलेली कडधान्ये न्यावीत.

राजमा हा स्वस्त, टिकाऊ आणि पौष्टिक असल्याने अनेक प्रवासी तो कोरडा विकत घेतात. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते आणि ते खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय तो खाऊ नये. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो मऊ झाल्यासारखा दिसतो, पण आतले तापमान पुरेसे चढत नाही आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. डबाबंद राजमा शिजवलेलाच असतो, प्रवासात तोच घ्यावा.

शिजवलेले अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवणे हा बचतीचा चांगला मार्ग आहे, आणि आजारपणाचाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नासाठी पाच सोपे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार शिजवलेले अन्न बाहेरच्या तापमानात २ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवावे, आणि पुन्हा गरम करताना सगळीकडे ७० अंशांपर्यंत, म्हणजे चांगली वाफ येईपर्यंत, तापवावे. कडक उन्हाळ्यात, पारा ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा, २ तासांऐवजी १ तासच धरावा. दिवसभर पाठीवरच्या पिशवीत राहणारा डबा या नियमात बसत नाही. म्हणून बाहेर न्यायच्या डब्यात पाव, सोलून खायची फळे, दाणे असे कोरडे पदार्थच भरा.

भाताबद्दल विशेष काळजी घ्या. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात पसरट डब्यात पटकन निववा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्यावा, त्यात जीव अडकवू नये.

सामायिक फ्रीजमध्ये डब्यावर नाव आणि निघण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावा. चिठ्ठी नसलेल्या वस्तू सफाईच्या दिवशी टाकून दिल्या जातात.

७. बाहेरचे मुख्य जेवण दुपारी घ्या

एखादे चांगले उपाहारगृह अनुभवायचे असेल तर तिथे दुपारी जावे. अनेक उपाहारगृहे कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक पदार्थांचे जेवण एका दरात देतात, आणि तेच स्वयंपाकघर रात्री तेच पदार्थ वेगवेगळ्या, चढ्या दराने विकते. विद्यापीठे, मोठी इस्पितळे, सरकारी कचेऱ्या आणि संग्रहालये यांच्या कँटीनमध्ये बाहेरच्यांना प्रवेश असतो का तेही विचारून पाहा. तिथले अन्न साधे असते, गिऱ्हाईक रोजचे असते आणि पदार्थ फार वेळ पडून राहत नाहीत.

बसण्यापूर्वी मेनू कार्ड दारातच वाचा. ज्या कार्डावर किमती नाहीत तिथे बसू नका. बिलात न दिसता भर घालणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: न मागता टेबलावर ठेवलेला पाव किंवा चटकमटक, बाटलीबंद पाणी, बसण्याचे वेगळे शुल्क, आणि सेवाशुल्क. सेवाशुल्क बिलात धरलेले असेल तर वेगळी टिप देणे तुमच्या इच्छेवर आहे. मासे आणि मांस यांची किंमत अनेकदा प्रति १०० ग्रॅम लिहिलेली असते आणि पाहणाऱ्याला ती संपूर्ण पदार्थाची वाटते. मागवण्यापूर्वी वजन करून एकूण किंमत सांगायला लावा. असे विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, स्थानिक लोकही तेच करतात.

परदेशात कार्डाने पैसे देताना यंत्र कधीकधी विचारते की रक्कम स्थानिक चलनात घ्यावी की तुमच्या देशाच्या चलनात. दर वेळी स्थानिक चलन निवडा. तुमच्या चलनाचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात विनिमयाचा दर त्या यंत्रामागची कंपनी लावते आणि तो बहुधा तुमच्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. तुमची बँक प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक शुल्क घेत असेल तर छोट्या खर्चांसाठी रोख वापरा आणि कार्ड मोठ्या बिलासाठी ठेवा.

घरपोच जेवण मागवणे खोलीत बसून सोपे वाटते, पण त्यात पोहोचवण्याचे शुल्क, सेवेचे शुल्क आणि काही वेळा मुळातच चढवलेले दर अशी तिहेरी भर असते. तेच जेवण चालत जाऊन बांधून आणले तर बहुधा स्वस्त पडते.

८. पाणी

नळाचे पाणी पिण्याजोगे आहे का, हे पोहोचण्यापूर्वी आरोग्य खात्याच्या किंवा मुक्कामाच्या जागेच्या माहितीतून पक्के करा. पिण्याजोगे असेल तर बाटली भरून घ्या. विमानतळावर रिकामी बाटली तपासणीतून नेता येते आणि पलीकडे भरता येते. पाण्याची खात्री नसेल तर ते १ मिनिट खळखळून उकळावे, आणि २००० मीटरहून अधिक उंचीवर ३ मिनिटे उकळावे. पाणी गढूळ असले तर उकळण्याआधी ते गाळून घ्यावे. बर्फ, कच्ची कोशिंबीर आणि दात घासण्याचे पाणी यांनाही हाच विचार लागू होतो. जिथे दोन्ही उपाय शक्य नाहीत तिथे सीलबंद बाटली घ्या आणि त्या खर्चाबद्दल हळहळू नका.

९. गाडी किंवा विमान रखडले तर

प्रवासाच्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा एक जेवण जास्तीचे सोबत ठेवा. लांब पल्ल्याच्या बस ठरावीक थांब्यांवरच थांबतात आणि तिथे दुसरा पर्याय नसतो. विमानाला उशीर झाला तर कंपनीच्या खिडकीवर जाऊन जेवणाची कुपने मागा. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमांनुसार अंतराप्रमाणे २ ते ४ तासांहून अधिक उशीर झाल्यास प्रवाशांना खाणे-पिणे पुरवणे विमान कंपनीवर बंधनकारक आहे, आणि इतर अनेक देशांतही असे नियम आहेत. एकदा मी सहा तास बसून स्वतःच्या पैशाने दोनदा खाल्ले आणि शेजारच्या प्रवाशाच्या हातात कुपन पाहिल्यावर मला हे कळले. तोवर खिडकी बंद झाली होती. कुपन मिळाले नाही तरी उशिराची लेखी नोंद आणि खाण्याच्या पावत्या जपून ठेवा. नंतर भरपाई मागताना त्याच लागतात.

१०. कुठे हात आखडू नये

औषधे वेळेवर घेण्यासाठी लागणारे खाणे, लहान मुलांचे आणि वृद्धांचे जेवण, मधुमेही माणसाच्या ठरलेल्या वेळा आणि दिवसभर चालून आल्यानंतरचे गरम जेवण यांत काटकसर करू नये. जिथे गेलो तिथले अन्न न चाखता परत येणे हेही मला पटत नाही. आठवड्याच्या रकमेतून एका जेवणाचे पैसे आधीच वेगळे काढा, जागा शोधून ठेवा, शक्य असल्यास टेबल राखून ठेवा आणि त्या दिवशी हिशेबाची वही खोलीत ठेवून जा. बाकीचे दिवस नीट सांभाळले असले की हे जेवण मनावर दडपण न येता होते.

११. शेवटचे दोन दिवस

निघण्याच्या दोन दिवस आधी उरलेल्या शिध्याची यादी करा आणि त्यानंतर मीठसुद्धा नवे घेऊ नका. उरलेला तांदूळ, डाळ, अंडी यांचे शेवटच्या रात्रीचे जेवण आणि परतीच्या प्रवासाचा कोरडा डबा असा बेत आखा. बाटल्यांवर ठेव रक्कम घेतली जात असेल तर त्या दुकानात परत करून ती घ्या. न उघडलेली पाकिटे आणि निम्मी उरलेली तेलाची बाटली सामायिक फळीवर ठेवा, आणि उघडलेल्या पाकिटावर ते कोणत्या दिवशी उघडले ती तारीख लिहा, म्हणजे त्याच संध्याकाळी दमून आलेल्या पुढच्या प्रवाशाला ते वापरावे की नाही हे कळेल.